डोक्याला मार लागल्यावर पुन्हा डायव्हिंग: आधी हरवलेले तास मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वय ३४, पुण्यात नोकरी, डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालेला, लॉगबुकात ४२ डाइव्ह. गेल्या जुलैत एका शनिवारी दुपारी ताम्हिणी घाटात बाइक घसरली. हेल्मेट होतं. मित्र म्हणतो, 'दोन-तीन मिनिटं' बेशुद्ध होतास. सीटी स्कॅनमध्ये डाव्या कानशिलाच्या आत मेंदूवर छोटं कंट्यूजन, म्हणजे मुका मार आणि थोडा रक्तस्राव. ऑपरेशन लागलं नाही, पाचव्या दिवशी घरी. झटके रोखणाऱ्या लेव्हेटिरासिटॅमच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, मग बंद झाल्या. आता आठ महिने झालेत. ऑफिस, जिम, बाइक, सगळं पूर्ववत. न्यूरोसर्जननी 'फिट' लिहून दिलंय. एप्रिलमध्ये अंदमानातल्या हॅवलॉकची तिकिटं काढलीत, बायकोने नुकताच ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केलाय आणि दोघांनी मिळून पाण्याखाली जायची ही पहिलीच वेळ. डाइव्ह सेंटरच्या फॉर्मवर विचारलंय की गेल्या पाच वर्षांत डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का. तुमचं म्हणणं, मार किरकोळ होता, मग तिथे 'नाही' लिहिलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. आणि एप्रिलमध्ये तुम्ही पाण्याखाली जाऊ नये, असं माझं मत आहे. दोन्ही उत्तरं तुम्हाला आवडणार नाहीत, म्हणून त्यामागचा विचार जरा सविस्तर सांगतो. मी आधी नौदलात डॉक्टर होतो, बाहेर पडल्यावर गेली बरीच वर्षं डायव्हरांच्या वैद्यकीय तपासण्या करतो. डोक्याला मार लागून गेलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच येतात: धडधाकट, हसतमुख, हातात 'फिट' सर्टिफिकेट, परतीच्या विमानासकट सगळी तिकिटं काढलेली.

गंमत बघा, डॉक्टरांनी तुम्हाला 'फिट' लिहिलंय, आणि मला भीती वाटते ती नेमकी 'फिट' येण्याचीच. गोंधळ नको म्हणून पुढे मी आकडी म्हणतो.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. अनेकांना वाटतं की खरा धोका दाबाचा आहे. खोलवर पाणी डोकं दाबेल, जुनी जखम पुन्हा उघडेल. तसं होत नाही. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो हे खरं, पण मेंदू, रक्त, भोवतालचा द्रव हे सगळं पाण्यासारखंच. ते दाबलं जात नाही, दाब सगळीकडून सारखा पडतो. दबतो तो वायू: कानाच्या पडद्यामागचा, सायनसमधला, फुप्फुसातला. ज्यांच्या कवटीला ऑपरेशनमध्ये टायटॅनियमची पट्टी बसवलीय तेही मला विचारतात, पट्टी निघेल का म्हणून. पट्टीत हवा नसते, तिला खोलीचं काही सोयरसुतक नाही. कवटीच्या आत हवा शिरलेली किंवा अडकलेली असेल तर मात्र प्रकरण वेगळं. त्याकडे पुढे येतो.

आता आकडी. ज्याला आयुष्यात कधी आकडी आली नाही, त्यालाही मेंदूला झालेल्या जखमेच्या वणापासून पुढे कधीतरी येऊ शकते. घरात आली तर माणूस पडतो, एक-दोन मिनिटं हातपाय झाडतो, शेजारीपाजारी गोळा होतात, कुणी नाकाशी कांदा धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. त्या कांद्याचा आणि चपलेचा काडीचा उपयोग नसतो, पण माणूस बहुतेक वेळा आपोआप शुद्धीवर येतो, जीभ चावलेली असते, आणि संध्याकाळी दवाखान्यात बसलेला असतो. हीच आकडी १२ मीटर पाण्याखाली आली की तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं साधन) सुटतो आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, धरून वर आणायचं म्हटलं तर दुसरा पेच: आकडीत घसा आवळलेला असेल आणि दहा मीटरवरून झपकन वर आलात, तर फुप्फुसातली हवा दुपटीने फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे जमिनीवर दोन मिनिटांची भानगड, आणि पाण्याखाली बहुधा मृत्यू. आकडीची शक्यता दोन्हीकडे तेवढीच धरली, तरी किंमत इतकी वेगळी आहे.

म्हणून माझ्यासमोर प्रश्न एवढाच असतो: या माणसाला येत्या काही वर्षांत आकडी येण्याची शक्यता किती? त्याचं उत्तर आज तुम्हाला कसं वाटतंय यात फारसं नसतं. ते अपघाताच्या दिवसात असतं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत डोक्याला मार लागलेल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी कित्येक वर्षं पाहून १९९८ साली एक अभ्यास छापला गेला. आमच्या धंद्यात आजही त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. त्यात मार तीन गटांत विभागलाय. सौम्य म्हणजे बेशुद्धी किंवा स्मृती जाणं अर्ध्या तासाच्या आत, कवटीला तडा नाही. मध्यम म्हणजे अर्धा तास ते २४ तास, किंवा कवटीला तडा. गंभीर म्हणजे २४ तासांच्या वर, किंवा मेंदूवर कंट्यूजन, किंवा आत रक्ताची गाठ. पाच वर्षांत पहिली आकडी येण्याचं प्रमाण सौम्य गटात ०.७ टक्के, मध्यम गटात १.२ टक्के आणि गंभीर गटात १० टक्के. पहिल्या दोन गटांत जेमतेम फरक, आणि तिसऱ्यात एकदम उडी. सौम्य गटाचा जादा धोका पाच वर्षांनंतर उरतच नाही. गंभीर गटाचा पुढेही रेंगाळत राहतो.

आता तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवतो. तुम्ही सहज लिहून गेलात: 'घाट चढायच्या आधी टपरीवर चहा घेतला तेवढं आठवतं, मग थेट सोमवारी सकाळी सिस्टर सलाइन बदलत होती आणि आई मोसंबी सोलत होती.'

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. हे चाळीस तास होतात. आणि तुम्ही स्वतःच्या दुखापतीला 'दोन-तीन मिनिटं' म्हणताय.

चूक तुमची नाही, जवळजवळ सगळेच असं करतात. बेशुद्धी म्हणजे डोळे मिटून पडणं, असं लोक धरतात. मित्राने ते दोन-तीन मिनिटं पाहिलं. नंतर तुम्ही डोळे उघडले, अँब्युलन्समध्ये बोललात, रस्ता कुठपर्यंत आला विचारलंत, म्हणून तो म्हणतो शुद्धीवर आला होता. पण बोलणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं. मार लागल्यानंतर काही काळ मेंदू चालू असतो, उत्तरंही देतो, पण आठवणी साठवत नाही. माणूस दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारतो, 'गाडी कुठाय?' कुणीतरी सांगतं, पुन्हा पाच मिनिटांनी 'गाडी कुठाय?' नातेवाइकांना आधी हसू येतं, मग घाबरायला होतं. अपघातापासून सलग आठवणी पुन्हा सुरू होईपर्यंतचा हा जो काळ, त्यावरून आम्ही माराचा जोर ठरवतो. सलग हा शब्द महत्त्वाचा. मधेच एखादं चित्र तरळतं, स्कॅनच्या मशिनचा आवाज, कुणाचा तरी निळा शर्ट, तेवढ्याने स्मृती परत आली असं होत नाही. एकामागून एक गोष्टी ओळीने आठवायला लागल्या, तिथे मोजणी थांबते.

अपघाताच्या आधीचंही काही पुसलं जातं, टपरीपासून वळणापर्यंतचा रस्ता तुमचा पुसला गेलाय. तो भाग मी मोजणीत धरत नाही. नंतरचा धरतो.

हे मी हुशारीने सांगतोय असं समजू नका, मी ते ठेच लागून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण आला. क्रिकेटचा बॉल कानशिलावर बसलेला, 'मिनिटभर चक्कर' एवढंच सांगितलं. तपासणी स्वच्छ, चालणं-बोलणं उत्तम. मी डिस्चार्ज कार्ड मागितलं नाही, कुणाला फोन केला नाही, सही करून दिली. दोन महिन्यांनी डाइव्हच्या सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत, हातात प्लेट घेऊन उभा असताना त्याला आकडी आली. बोट तासाभराने सुटणार होती. नंतर त्याच्या भावाने सांगितलं की बॉल लागला त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो घरच्यांना ओळखत होता, पण बोललेलं काहीच त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. मी त्या भावाला आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून माझा नियम: डिस्चार्ज समरी, स्कॅनचा रिपोर्ट, आणि त्या दिवशी हजर असलेला एक तरी माणूस. हे तीन नसतील तर तपासणीच सुरू करत नाही.

परत तुमच्याकडे. कंट्यूजन आहे, आणि स्मृती २४ तासांहून जास्त गेलेली. दोन्ही मार्गांनी तुम्ही तिसऱ्या गटात जाता. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या १० टक्क्यांत ज्यांच्या मेंदूत रक्ताच्या मोठ्या गाठी झाल्या, कवटी आत दबली, असेही लोक आहेत. तुमचं कंट्यूजन छोटं, ऑपरेशन नाही, पहिल्या आठवड्यात आकडी आलेली नाही. तेव्हा तुमचा धोका त्या सरासरीपेक्षा कमी असावा. शिवाय अशा आकड्या बहुतांश पहिल्या दोन वर्षांत येतात, त्यातले आठ महिने तुम्ही काढलेत. पण त्या आठांतले पहिले तीन गोळीच्या पांघरुणाखाली गेले. मी मोजतो ते गोळी थांबल्यापासूनचे, म्हणजे पाचच.

गोळ्यांबद्दल एक खुलासा, कारण पुष्कळांना वाटतं की तीन महिने औषध घेतलं म्हणजे धोका निपटला. या औषधांनी पहिल्या आठवड्यातल्या आकड्या कमी होतात हे चांगलं माहीत आहे. पुढे वर्षा-दोन वर्षांनी येणारी आकडी मात्र ती टाळत नाहीत. औषध कुलूप आहे, चोर पळवून लावत नाही. आणि गोळ्या चालू असताना तर डायव्हिंगचा विषयच नको, कारण ज्याला गोळी लागते त्याला आकडीची भीती आहे असं कुणीतरी ठरवलेलंच असतं.

'ईईजी नॉर्मल आलाय' हाही नेहमीचा मुद्दा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, ही अर्ध्या तासाची खिडकी. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता, एवढंच त्यावरून कळतं. बिघडलेला आला तर मला उपयोग होतो. चांगला आला म्हणून मी काही सोडून देत नाही. एमआरआय जास्त बोलका. जुन्या रक्ताचे लोहाचे डाग दाखवणारी एक खास पद्धत त्यात असते. केंद्रावर जाताना 'जुना रक्तस्राव बघायचाय' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. कानशिलाच्या आत वण दिसला तर माझा हात आखडतो, कारण मेंदूचा तो भाग आकडीच्या बाबतीत मुळातच हळवा.

मग तुमच्या न्यूरोसर्जननी चूक केली का? मुळीच नाही. त्यांना तुम्ही विचारलं असेल, मी कामावर जाऊ का, गाडी चालवू का, व्यायाम करू का. त्या सगळ्याला उत्तर 'हो' आहे. ब्रिटनमध्ये कार चालवण्यासाठी वर्षाला २० टक्क्यांपर्यंत आकडीचा धोका चालवून घेतात, आणि बस-ट्रकच्या लायसन्ससाठी मर्यादा २ टक्के. माणूस तोच, मेंदू तोच, पण हातात काय दिलंय त्यावर मोजमाप बदलतं. आपल्याकडेही लायसन्सच्या फॉर्म १ वर पहिल्याच प्रश्नांत आकडीबद्दल आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल विचारतात, आणि आपण सगळे एजंटच्या टेबलावर न वाचता तिथे सही करतो. असो. मी पाण्याखाली ट्रकपेक्षा कडक फूटपट्टी लावतो, कारण ट्रक निदान रस्त्याच्या कडेला तरी थांबतो.

आता आकडीपलीकडचं. हे तुम्हाला लागू असेल-नसेल, पण तपासून घ्यायला हवं.

अपघाताच्या दिवशी कानातून रक्त आलं होतं का? आलं असेल तर कानाजवळच्या हाडाला तडा गेलेला असू शकतो, आणि नाक दाबून कान उघडण्याच्या खटपटीत आतल्या कानाचा पडदा फाटण्याची भीती राहते. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कूस बदलताना, वर फडताळातला डबा काढताना गरगरतं का? डोक्याच्या मारानंतर आतल्या कानातले कण जागेवरून हलतात आणि अशी भोवळ येते. घरी पलंग धरून बसता येतं. निळ्या पाण्यात वरखाली कळत नसताना भोवळ आली आणि रेग्युलेटरमध्ये उलटी झाली, तर पुढचं मी रंगवून सांगत नाही.

आणि एक लक्षण जे लोक सर्दी समजतात. वाकून बुटाची लेस बांधताना एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकन पडतं, घशात खारट लागतं. एका बाईंनी मला असंच सहा महिने 'धुळीची ॲलर्जी' म्हणून सांगितलं होतं. ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. कवटीच्या तळाला बारीक भोक राहिलेलं, जिथून पाणी खाली येतं तिथून हवा आणि जंतू वर जातात. अशा माणसाने डायव्हिंग तर नाहीच, पण आधी न्यूरोसर्जनकडे पळायचं. मघाशी म्हटलं ना, कवटीच्या आत हवा असेल तर गोष्ट वेगळी, ती ही. वर येताना आतली हवा फुगते आणि तिला जागा नसते.

विचाराच्या वेगाबद्दलही मी बघतो. पाण्याखाली एकाच वेळी खोली, हवा, वेळ, बडी आणि आपलं तरंगणं सांभाळायचं असतं, आणि तिशी ओलांडली (मीटरची, वयाची नव्हे) की नायट्रोजनची गुंगी त्यावर आणखी पाणी ओतते. माझ्याकडे आलेल्याला मी शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला लावतो, महिने उलटे म्हणायला लावतो. पूर्वी हौसेने मराठी महिने विचारायचो, पण फाल्गुन, माघ, पौष म्हणत धडधाकट माणसंसुद्धा मार्गशीर्षाशी अडखळायला लागली, तेव्हापासून डिसेंबर-नोव्हेंबर. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, हात छातीशी घडी घालून, डोळे मिटून मिनिटभर उभं राहायचं. हे तुम्ही आज घरी करून बघा, शेजारी कुणाला तरी उभं ठेवून. आणि बायकोला एकटीला विचारतो, हा अपघातानंतर बदललाय का? 'चिडका झालाय', 'सिनेमा निम्म्यात सोडून झोपतो', 'यादी न देता दुकानात पाठवता येत नाही', अशी उत्तरं मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातात.

ही तपासणी लिहून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. डाइव्हनंतर कुणाला डोकेदुखी, थकवा, मुंग्या, तोल जाणं असं झालं तर आम्ही आधी डीकम्प्रेशनचा आजार धरतो, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन येणारा. डोक्याच्या जुन्या मारानेही हेच सगळं होतं. हॅवलॉकवर संध्याकाळी तुमचा पाय लटपटला, तर तुम्हाला बोटीने पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात त्या आजारावर उपचार करणाऱ्या दाबाच्या चेंबरपर्यंत न्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला तुमचा पाय आधीपासून कसा होता हे कळणार कसं? आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं असेल, तर त्याला विचारायचंही सुचणार नाही.

त्यामुळे फॉर्मबद्दल. तुम्ही 'नाही' लिहिलंत तर तुम्हाला कुणी पकडणार नाही, हे मला माहीत आहे. मालवणला पर्यटकांना इन्स्ट्रक्टर हाताला धरून खाली नेतात, तिथेही बोटीवर कागद पुढे येतो, वारा सुटलेला असतो, पेन एकच, सगळे खाली 'नाही नाही नाही' करत जातात. (तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: तसली पंधरा मिनिटांची उथळ डाइव्हही तुमच्यासाठी सुरक्षित ठरत नाही. आकडी आली तर बुडायला पाच मीटर खूप झाले.) खोटं उत्तर बाहेर आलं तर विमा हात वर करेल, तो भाग वेगळा. मला जास्त खटकतं ते दुसरंच. तुमची बडी कोण असणार आहे? तुमच्या बायकोच्या लॉगबुकात चार डाइव्ह आहेत. अजून तिला स्वतःचा मास्क रिकामा करताना धडधडत असेल. तिच्यासमोर तुम्ही हातपाय झाडायला लागलात तर ती तुम्हाला सोडून जाणार नाही, आणि वर कसं आणायचं हेही तिला येणार नाही. फॉर्मवरचा तो प्रश्न इन्स्ट्रक्टरपेक्षा तिच्यासाठी आहे असं समजा. तिला हे सगळं माहीत आहे का? तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही.

मग कधी? इथे डॉक्टरा-डॉक्टरांत फरक पडतो, नियमावल्या एकसारख्या नाहीत, तेव्हा मी फक्त माझं सांगतो. तुमच्यासारख्या दुखापतीत गोळ्या बंद झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मी विचार करत नाही. त्यानंतर एमआरआयमध्ये वण नसेल, घरात कुणाला आकडीचा आजार नसेल, मधल्या काळात एकही संशयास्पद प्रसंग नसेल, तर बसून बोलतो. वण असेल तर पाच वर्षं. संशयास्पद प्रसंग म्हणजे फक्त जमिनीवर पडणं नव्हे: दोन क्षण नजर एकटक लागणं, जळका वास नसताना येणं, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, एखादी जागा पहिल्यांदा बघूनही ओळखीची वाटणं. कानशिलातल्या वणाच्या आकड्या अशाच चोरपावलांनी येतात. असं काही झालं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग बाकी सगळं. त्या वेळी तपासणी शक्यतो डायव्हिंगचं वैद्यक शिकलेल्या डॉक्टरकडेच करा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत या विषयात एमडी करता येतं. तिथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर शहरांत भेटतात.

हे वाचणाऱ्या दुसऱ्यांसाठी: ज्यांना खरोखरच मिनिटभर अंधारी आली, अर्ध्या तासाच्या आत सगळं ओळीने आठवायला लागलं, स्कॅन स्वच्छ, गोळी नाही, त्यांनी हे वाचून डायव्हिंग सोडू नये. डोकेदुखी, गरगर, झोपेची तक्रार पूर्ण थांबू द्या, त्यानंतर काही आठवडे जाऊ द्या, आणि डॉक्टरची सही घेऊन जा. अशांना मी सही देतो. फॉर्मवर 'हो' लिहायचं ते त्यांनीही. 'हो' लिहिलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की डॉक्टरने बघितलेलं असावं.

मधल्या काळात तुम्ही काय टाळायचं तेही सांगून टाकतो. एकट्याने पोहू नका, सोसायटीच्या टाकीतसुद्धा नाही. अंगदुखीला ट्रॅमाडॉल कुणी लिहून दिलं तर डोक्याच्या दुखापतीचं सांगा, त्याने आकडीची शक्यता वाढते. रात्रभर जागरण आणि वर भरपूर दारू ही जोडी सगळ्यात वाईट, आणि सुट्टीवर माणूस नेमकं तेच करतो. हॅवलॉकला जा, तिकिटं वाया घालवू नका. बायकोला एका चांगल्या इन्स्ट्रक्टरबरोबर पाठवा, तुम्ही बोटीवर बसा. पहिल्या दिवशी जिवावर येईल. स्नॉर्केलिंग करायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून, आणि ज्याचं लक्ष फक्त तुमच्यावर आहे असा माणूस हाताच्या अंतरावर ठेवून.

आज करण्यासारखं काम एकच आहे. हॉस्पिटलातून डिस्चार्ज समरी आणि सीटीच्या फिल्म मागवून घ्या, आणि त्या मित्राला फोन करून अँब्युलन्समध्ये तुम्ही काय-काय बोलत होतात, किती वेळा तेच विचारत होतात, ते लिहून काढा. आईलाही विचारा, ती मोसंबी नक्की सोमवारी सोलली होती की मंगळवारी.